बलाढ्य इंजिने, पण धावायचे कुठे?

खारघर : बेलापूरहून निघालेली मेट्रो खारघरच्या सेक्टरांमधून वळणे घेत पेंधरला पोहोचते. दिवा-पनवेल रेल्वेमार्ग तेथून फारसा दूर नाही. तळोजे पाचनंद, नावडे रोड, कळंबोली ही या मार्गावरील स्थानके प्रवाशांपेक्षा मालगाड्यांच्याच अधिक परिचयाची. जवाहरलाल नेहरू बंदरातून निघालेले कंटेनर, कळंबोलीच्या बाजाराकडे येणारे पोलाद, पनवेलहून पुढे कोकण रेल्वेच्या मार्गाला लागणाऱ्या गाड्या, ही सारी वर्दळ याच परिसरातून होते. डिझेल इंजिनाचे एक वैशिष्ट्य असे की, ते दिसण्यापूर्वी ऐकू येते. रात्रीच्या शांततेत जमिनीला हलकासा कंप देणारी ती घरघर या पट्ट्यातील जुन्या रहिवाशांना चांगलीच ठाऊक आहे. आता मात्र डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारी इंजिने तुलनेने शांतपणे निघून जातात आणि ती घरघर दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालली आहे.

हा बदल स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि, डिझेलला निरोप देण्याची घाई सुरू असतानाच देशात आजवरची सर्वांत शक्तिमान डिझेल इंजिने दाखल होत होती, हा विरोधाभास नजरेआड करता येणार नाही. ५,५०० अश्वशक्तीचे स्वदेशी बनावटीचे इंजिन २०१२ मध्ये आले. त्यानंतर काही वर्षांतच ६,००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा करार झाला. रेल्वेच्या हिशेबी डिझेल इंजिनाचे आयुष्य ३६ वर्षे धरले जाते. म्हणजे २०१८ मध्ये रुळांवर आलेल्या इंजिनाने २०५४ पर्यंत सेवा द्यावी, अशी अपेक्षा. ज्या रेल्वेने २०१८ मध्येच सर्व ब्रॉडगेज मार्गांवर तारा टाकण्याचा निर्णय घेतला, त्या रेल्वेत ही इंजिने २०५४ पर्यंत करणार काय, हा प्रश्न आज ना उद्या विचारला जाणारच होता.

एकाच महिन्यातील तीन निर्णय

नोव्हेंबर २०१५ हा महिना या दृष्टीने मुळातून पाहण्याजोगा आहे. त्या महिन्यात रेल्वे मंत्रालयाने बिहारमधील दोन कारखान्यांसाठी दोन परदेशी कंपन्यांना कंत्राटे दिली. सारण जिल्ह्यातील मढौरा येथे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ११ वर्षांत १,००० डिझेल इंजिने पुरवायची होती. त्यांपैकी ७०० इंजिने ४,५०० अश्वशक्तीची, तर ३०० इंजिने ६,००० अश्वशक्तीची. व्यवहार सुमारे अडीच अब्ज डॉलरचा. दुसरे कंत्राट मधेपुरा येथे फ्रान्सच्या आल्स्टॉम कंपनीने ८०० विद्युत इंजिने बांधण्याचे, प्रत्येक इंजिन १२,००० अश्वशक्तीचे. तिसरी घटना महाराष्ट्राच्या अधिक जवळची. त्याच नोव्हेंबरमध्ये कोकण रेल्वेच्या संपूर्ण विद्युतीकरणाची पायाभरणी झाली. कोकणचे सुपुत्र सुरेश प्रभू तेव्हा रेल्वेमंत्री होते.

एकाच महिन्यात, एकाच मंत्रालयाने एका हाताने हजार डिझेल इंजिने मागविली आणि दुसऱ्या हाताने देशातील सर्वांत लांब डिझेल मार्गांपैकी एकावर तारा टाकण्याचा नारळ फोडला. दोन्ही निर्णयांना स्वतंत्रपणे समर्थन होते, हे मान्य करावे लागेल. मढौरा आणि मधेपुरा या दोन्ही कारखान्यांची कल्पना लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असतानाची. २००४ च्या निवडणुकीत हे दोन्ही परिसर त्यांच्या राजकीय नकाशावर अग्रभागी होते, हा योगायोग समजणे भाबडेपणाचे ठरेल. त्या काळात देशातील मालवाहतुकीचा मोठा हिस्सा तारांविना मार्गांवर होता आणि चांगल्या डिझेल इंजिनांची गरज खरीच होती. मात्र कल्पना आणि कंत्राट यांच्यामध्ये जवळपास नऊ वर्षे गेली. तेवढ्या काळात परिस्थिती पालटली, कागद मात्र पालटले नाहीत.

सप्टेंबर २०१७ मध्ये पीयूष गोयल यांनी रेल्वे मंत्रालयाची सूत्रे स्वीकारली आणि संपूर्ण विद्युतीकरणाचा आग्रह धरला. डिझेल इंजिनांच्या कराराचा फेरविचार होणार, अशी चर्चा तेव्हा उघडपणे सुरू झाली. करार मोडल्यास रोजगार आणि सरकारी तिजोरी या दोहोंना फटका बसेल, अशी भूमिका कंपनीने घेतली. पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, करारातील पहिले इंजिन अमेरिकेहून समुद्रमार्गे भारतात उतरले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने उर्वरित १३,६७५ किलोमीटर मार्गांच्या विद्युतीकरणास १२,१३४ कोटी रुपये खर्चासह मंजुरी दिली. करार मोडला नाही आणि तारांचे कामही थांबले नाही. एक गाडी दोन विरुद्ध दिशांना ओढली जावी, तसा हा प्रकार होता.

मढौराची इंजिने वाईट आहेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. रेल्वेने त्यांना डब्ल्यूडीजी-४जी आणि डब्ल्यूडीजी-६जी अशी नावे दिली. पहिल्यात १२, तर दुसऱ्यात १६ सिलिंडरचे इंजिन बसविलेले आहे. त्यांच्या देखभालीसाठी उत्तर प्रदेशात रोजा आणि गुजरातमध्ये गांधीधाम येथे खास शेड उभारण्यात आल्या. इंधनाची बचत, धुराचे कमी प्रमाण, संगणकीय नियंत्रण या साऱ्या बाबतीत ती जुन्या डिझेल इंजिनांपेक्षा किती तरी सरस आहेत. त्यांचे दुर्दैव एवढेच की, ती उशिरा जन्मली.

अश्वशक्तीचा हिशेब

'जास्त अश्वशक्ती म्हणजे जास्त ओझे' असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. थांबलेली मालगाडी हलविताना किंवा घाटात संथ गतीने चढताना इंजिनाची ओढ ही त्याच्या वजनावर आणि चाक व रूळ यांच्यातील पकडीवर अवलंबून असते. पकड सुटली की चाके जागच्या जागी गरगर फिरतात. मग इंजिन ४,५०० अश्वशक्तीचे असो वा ६,००० चे. सहा आसांच्या दोन इंजिनांचे वजन सारखे असेल, तर संथ गतीला त्यांची ओढही जवळपास सारखीच राहते. जादा अश्वशक्तीचा उपयोग होतो तो तेच ओझे अधिक वेगाने नेण्यासाठी. परंतु भारतीय मालगाड्यांचा सरासरी वेग वर्षानुवर्षे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास घुटमळत राहिला आहे. त्याला कारण इंजिनांची दुर्बलता नव्हे. प्रवासी गाड्यांना वाट देण्यासाठी मालगाडीला बाजूला थांबवून ठेवावे लागते, हे त्याचे खरे कारण आहे. नावडे रोड किंवा निळजे येथे लूप लाइनवर तासन् तास उभ्या असलेल्या मालगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. उभ्या गाडीला सहा हजार अश्वशक्तीचा उपयोग तो काय?

अमेरिकेने हा धडा दोन दशके आधीच गिरविला होता. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तेथील दोन्ही प्रमुख इंजिन उत्पादकांमध्ये ६,००० अश्वशक्तीची शर्यत लागली. तीन जुन्या इंजिनांच्या जागी दोन नवी लावायची, असे गणित मांडले गेले. प्रत्यक्षात नव्या इंजिनांत बिघाड वारंवार होऊ लागले. शिवाय तिघांपैकी एक बंद पडले, तरी उरलेली दोन गाडी कशीबशी पुढे नेतात. दोघांपैकी एक बंद पडले की गाडी जागीच थांबते, हेही ध्यानात आले. जनरल इलेक्ट्रिकच्या त्या पिढीतील काही इंजिनांची शक्ती पुढे मुद्दाम घटविण्यात आली. प्रतिस्पर्धी ईएमडी कंपनीचे २० सिलिंडरचे ५,००० अश्वशक्तीचे इंजिन तर अवघ्या ३० च्या घरात बांधले गेले. अखेर अमेरिकी रेल्वे कंपन्या ४,३०० ते ४,४०० अश्वशक्तीवर स्थिरावल्या आणि आजही मोठ्या प्रमाणावर तेथेच आहेत.

हा इतिहास जगजाहीर असताना भारताने २०१२ मध्ये २० सिलिंडरचा मार्ग धरला. वाराणसीच्या तत्कालीन डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये ईएमडीच्याच तंत्रज्ञानावर आधारित ५,५०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीजी-५ हे इंजिन साकारले. 'भीम' हे त्याचे नाव. देशात तोवर एवढे शक्तिशाली डिझेल इंजिन बनले नव्हते आणि त्याचा अभिमान बाळगणे स्वाभाविकही होते. मात्र ही मालिका सातवर थांबली. हजारो इंजिने बाळगणाऱ्या रेल्वेत सात इंजिनांचा वेगळा संसार मांडणे किती अवघड, हे शेडमधील कोणताही फोरमन सांगू शकेल. त्याचे सिलिंडर आणि पिस्टन १६ सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनातील भागांशी जुळणारे. पण लांबलचक क्रँकशाफ्ट, क्रँककेस आणि त्यासोबतचे काही मोठे भाग फक्त या सातांचेच. ते सुटे भाग साठवून ठेवावेत तर भांडवल अडकते, न ठेवावेत तर एका बिघाडासाठी इंजिन महिनोन् महिने उभे राहते. मग एकाचे भाग काढून दुसऱ्याला बसविण्याचा मार्ग पत्करला जातो, असा जगभरातील अल्पसंख्य इंजिनांचा अनुभव आहे. दुर्मीळ इंजिन छायाचित्रकारांना प्रिय असते. शेडला ते डोईजड होते.

मुंबई परिसराला हा अनुभव नवा नाही. मध्य रेल्वेवर एकेकाळी १,५०० व्होल्ट डीसी वीज होती, तर इगतपुरीपलीकडे २५,००० व्होल्ट एसी. या सीमेवर इंजिन बदलण्याचा खोळंबा टाळण्यासाठी दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारी इंजिने बांधण्यात आली. त्यांतील मालवाहू इंजिने, डब्ल्यूसीएजी-१, होती अवघी १२ आणि त्यांचे घर होते कल्याण. २०१५ मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरील डीसी वीज इतिहासजमा झाली. त्याबरोबर या बारांचे वैशिष्ट्यही संपले. इंजिनात काहीही बिघाड न होता केवळ डोक्यावरची तार बदलल्याने ते कालबाह्य ठरू शकते, याचा हा घरचाच दाखला. देशातील पहिली विद्युत गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच हार्बर मार्गावर बोरीबंदर ते कुर्ला धावली होती. त्याच मार्गाच्या विस्तारावर वसलेल्या खारघरकरांना तारांचा हा महिमा ठाऊक असायला हरकत नाही.

दुमजली गाड्यांचा आधार गेला

शक्तिमान डिझेल इंजिनांना एक हक्काचे क्षेत्र होते. ते म्हणजे कंटेनरवर कंटेनर रचून नेणाऱ्या दुमजली मालगाड्या. नेहमीच्या उंचीच्या तारेखालून अशी गाडी जाऊ शकत नाही. त्यामुळे २००६ मध्ये गुजरातच्या पिपावाव बंदरातून देशातील दुमजली कंटेनर वाहतूक सुरू झाली, ती तारा नसलेल्या मार्गाने, डिझेलवरच. मुंद्रा आणि पिपावाव यांना त्याचा लाभ झाला. जवाहरलाल नेहरू बंदरातून निघणाऱ्या गाड्यांना मात्र तारांखालूनच जावे लागत असल्याने ही सवलत मिळाली नाही. गुजरातमधील बंदरांनी नवी मुंबईच्या बंदराशी जी स्पर्धा केली, तिच्या अनेक कारणांपैकी हे एक, काहीसे दुर्लक्षित कारण आहे.

पुढे तारच उंच करण्याचा तोडगा निघाला. जून २०२० मध्ये गुजरातच्या पालनपूर-बोटाद मार्गावर ७.५७ मीटर उंचीवरील तारेखालून विद्युत इंजिनाने दुमजली गाडी ओढली. ७ जानेवारी २०२१ रोजी पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गिकेवर दीड किलोमीटर लांबीची दुमजली गाडी विजेवर रवाना झाली. ही मार्गिका दादरीपासून थेट जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत १,५०६ किलोमीटरची. तिचा वैतरणा ते बंदर हा १०२ किलोमीटरचा, म्हणजे तळोजे-पनवेलच्या डोंगरांतून जाणारा टप्पा सर्वांत मागे राहिला. बंदराच्या दारात दुमजली गाडी येणार, ती विजेवरच. ज्या कामासाठी डिझेलला पर्याय नव्हता, तेच काम अशा रीतीने हातचे गेले.

कोकणचे काय?

कोकण रेल्वेचे मुख्यालय खारघरच्या शेजारीच, सीबीडी बेलापूर येथे आहे. १९९८ मध्ये पूर्ण झालेला हा मार्ग जवळपास पाव शतक डिझेलवर चालला. ९१ बोगदे असलेल्या मार्गावर डिझेलचा धूर ही नुसती गैरसोय नव्हती. साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यासारख्या ठिकाणी हवा खेळती ठेवण्यासाठी यंत्रणा बसवावी लागली. रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटर मार्गाचे विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झाले. खर्च आला १,२८७ कोटी रुपये. २० जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. इंधनखर्चात मोठी बचत, बोगद्यांतील धुरापासून सुटका आणि इंजिन बदलण्याचा खोळंबा टळणे, हे लाभ वादातीत आहेत. मध्य रेल्वेनेही २३ फेब्रुवारी २०२३ रोजी औसा रोड-लातूर रोड हा अखेरचा ५२ किलोमीटरचा टप्पा पूर्ण करून आपल्या ३,८२५ किलोमीटरच्या ब्रॉडगेज जाळ्याचे विद्युतीकरण संपल्याचे जाहीर केले.

परंतु कोकणचा निसर्ग कागदावरील टक्केवारी जुमानत नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली परिसरात विजेचे खांब हजारोंच्या संख्येने आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. त्या वेळी कोकण रेल्वेच्या मार्गावर गाड्या डिझेलवर होत्या. रुळांवर पडलेली झाडे हटवली की इंजिन पुढे जाऊ शकत होते. आज तसेच वादळ आले आणि घाटमाथ्याखाली काही किलोमीटर तार तुटून पडली, तर ती पुन्हा ताणेपर्यंत विद्युत इंजिन, ते १२,००० अश्वशक्तीचे का असेना, जागचे हलणार नाही. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी मुंबई आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला आणि उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या. दोनेक तासांनी त्या सुरू झाल्या खऱ्या. पण पडघा-कळवा पट्ट्यातील वीजवाहिन्यांवर साऱ्या महानगराचे चाक किती अवलंबून आहे, याचा प्रत्यय त्या दिवशी आला.

अशा प्रसंगांसाठी काही डिझेल इंजिने राखीव ठेवण्याचे रेल्वेचे धोरण आहे. आपत्ती आणि संरक्षणविषयक गरजा ही त्यामागील दोन कारणे. धोरण योग्यच आहे. कळीचा मुद्दा आहे तो कोणती इंजिने राखायची आणि ती कोठे उभी करायची हा. राखीव इंजिन म्हणजे यार्डाच्या कोपऱ्यात ताडपत्री घालून ठेवलेली वस्तू नव्हे. ते ठरावीक दिवसांनी सुरू करावे लागते. बॅटऱ्या उतरतात, रबरी सील आणि नळ्या कडक होतात, थंड करणाऱ्या पाण्याच्या नळ्यांना गंज चढतो. शिवाय ते चालविणारे लोकोपायलट आणि दुरुस्त करणारे तंत्रज्ञ यांचा सराव टिकवावा लागतो. देशभरातील अनेक डिझेल शेडकडे आता विद्युत इंजिनांची देखभाल सोपविण्यात आली आहे. कर्मचारी नव्या यंत्रांवर प्रशिक्षित होत आहेत आणि जुन्या यंत्रांचे जाणकार निवृत्त होत आहेत. वरकरणी दुय्यम वाटणारी ही बाब ऐन वादळात निर्णायक ठरू शकते.

राखीव दलाची निवड करताना प्रचंड शक्तीपेक्षा सुट्या भागांची सहज उपलब्धता महत्त्वाची. त्या निकषावर सात 'भीम' बाद होतात. ६,००० अश्वशक्तीची इंजिने संख्येने अधिक असली, तरी त्यांच्या देखभालीची घडी रोजा आणि गांधीधाम येथे बसलेली. कोकणात अडकलेली गाडी ओढण्यासाठी ४,००० ते ४,५०० अश्वशक्तीची, भरपूर संख्येने असलेली आणि महाराष्ट्रातील तंत्रज्ञांच्या हाताखालून गेलेली इंजिनेच अधिक उपयोगाची. पनवेल, रत्नागिरी आणि गोव्यातील वेर्णा अशा ठिकाणी ती सज्ज ठेवली, तर मार्गाचा कोणताही भाग काही तासांच्या अंतरात राहील. ही संख्या किती असावी, हे ठरविण्याचे काम अभियंत्यांचे. ती संख्या जाहीर व्हावी, एवढी अपेक्षा प्रवाशांनी बाळगली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.

विकावी म्हटली तरी

उरलेल्या इंजिनांसाठी निर्यातीचा मार्ग सुचविला जातो. त्यात तथ्य आहे, पण मर्यादाही आहेत. भारताने जुलै २०२० मध्ये १० आणि मे २०२३ मध्ये २० ब्रॉडगेज डिझेल इंजिने बांगलादेशला दिली. ती तीन-सव्वातीन हजार अश्वशक्तीच्या जुन्या, हलक्या वर्गातील होती. सव्वाशे टनांहून अधिक वजनाच्या सहा हजारी इंजिनांना पेलणारे रूळ आणि पूल शेजारी देशांत सर्वत्र नाहीत. भारताची १,६७६ मिलिमीटर रुंदीची ब्रॉडगेज जगात मोजक्याच देशांत आहे. आफ्रिकेतील अनेक देशांत रुळांची रुंदी १,०६७ मिलिमीटर. तेथे इंजिन पाठवायचे तर त्याच्या खालचा सारा चाकांचा सांगाडाच बदलावा लागतो. भारतीय डिझेल इंजिने तशी रूपांतरित करून विकण्याच्या दिशेने प्रयत्न झाले आहेत, पण तेही मध्यम शक्तीच्या इंजिनांपुरते.

डिझेलचे विद्युत इंजिनात रूपांतर करण्याचाही प्रयोग झाला. वाराणसीच्या कारखान्याने ६९ दिवसांत दोन जुन्या डिझेल इंजिनांपासून १०,००० अश्वशक्तीचे जोड-विद्युत इंजिन तयार केले. पंतप्रधानांनी १९ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यास हिरवा झेंडा दाखविला. गाजावाजा बराच झाला, मात्र त्याची व्यापक योजना झाली नाही. नवे, अधिक विश्वासार्ह विद्युत इंजिन कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडत असताना जुन्या सांगाड्यात नवा जीव ओतण्याचा खटाटोप कोण करणार? त्या कारखान्याचे नावच ऑक्टोबर २०२० मध्ये बदलले आणि त्यातून 'डिझेल' हा शब्द गळाला.

मढौराने मात्र स्वतःपुरता मार्ग शोधला. जनरल इलेक्ट्रिकचा रेल्वे व्यवसाय २०१९ मध्ये वॅबटेक कंपनीत विलीन झाला. २० जून २०२५ रोजी पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशाच्या सिमांडू लोहखनिज प्रकल्पासाठी मढौरात बनलेले पहिले इंजिन रवाना झाले. तीन हजार कोटींहून अधिक रकमेची ही मागणी १५० इंजिनांची आहे आणि तीही ४,५०० अश्वशक्तीची. कारखान्याचे भवितव्य त्यामुळे सावरले. भारतीय रेल्वेसाठी आधीच बांधल्या गेलेल्या इंजिनांचा प्रश्न त्याने सुटत नाही. शेकडो डिझेल इंजिने कामाविना उभी असून त्यांतील अनेकांचे बरेच आयुष्य शिल्लक आहे, हे माहिती अधिकाराखाली मिळालेल्या उत्तरांतून यापूर्वीच समोर आले आहे.

वाफेच्या इंजिनांबाबत हेच घडले होते. त्यांचे उत्पादन १९७२ पर्यंत सुरू होते आणि १९९५ च्या अखेरीस ब्रॉडगेजवरून ती हद्दपार झाली. ऐन उमेदीतील इंजिने तेव्हाही भंगारात निघाली. फरक असा की, ती इंजिने देशातल्या कारखान्यात, तुलनेने अल्प खर्चात बनलेली होती. आजच्या इंजिनांमागे परकीय चलनातील करार आणि दीर्घकालीन देखभालीची बांधिलकी आहे.

दरम्यान, तारांखालच्या इंजिनांचे नवे पर्व महाराष्ट्रात रुजते आहे. १२,००० अश्वशक्तीच्या मधेपुरा इंजिनांची देखभाल नागपूरच्या अजनी येथे होते. गुजरातच्या दाहोद येथे सीमेन्सच्या तंत्रज्ञानाने बनणाऱ्या ९,००० अश्वशक्तीच्या १,२०० विद्युत इंजिनांचा करार जानेवारी २०२३ मध्ये झाला आणि त्यांतील पहिले इंजिन २६ मे २०२५ रोजी बाहेर पडले. त्यांच्या देखभालीसाठी निवडलेल्या चार ठिकाणांपैकी एक पुणे आहे, जेथील शेडची ओळख कित्येक दशके डिझेल अशीच होती. या नव्या करारात इंजिनांच्या देखभालीची बांधिलकी ३५ वर्षांची आहे. जानेवारी २०२३ मध्ये गृहीत धरलेला मालवाहतुकीचा अंदाज आणि तारांमधील विजेचा पुरवठा त्या ३५ वर्षांत कसा राहील, याची उजळणी ठरावीक कालावधीने करण्याची कोणती तरतूद त्यात आहे, हे मढौराच्या अनुभवानंतर रेल्वे मंत्रालयाने संसदेपुढे मांडावयास हवे.